२०१२ साली '२०१२' लिहायचं नाही म्हणे

परवा लंडन ऑलिंपिकच्या वेळचे जाहिरातींचे नियम वाचत बसलो होतो, हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. ब्रिटनने २००६ मध्येच त्यासाठी खास कायदा करून ठेवला होता आणि त्यात शब्दांच्या चक्क दोन याद्या होत्या. पहिलीत गेम्स आणि २०१२ (आकड्यातही आणि अक्षरीसुद्धा!), दुसरीत गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ, लंडन, मेडल्स, स्पॉन्सर्स आणि बसा आता, समर. पहिल्या यादीतले दोन शब्द किंवा दोन्हीतला एकेक शब्द जाहिरातीत एकत्र आला की ऑलिंपिकच्या नावावर धंदा करतोय असा संशय घ्यायला कोर्ट मोकळं. म्हणजे 'समर सेल २०१२' लिहिणारा कापडवाला लगेच दोषी ठरत नव्हता हे खरं, पण नोटीस हातात पडल्यावर तो काय वकील लावून भांडत बसणार? गुपचूप बोर्ड उतरवणार.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वेमाउथ गावात ऑलिंपिकच्या शिडाच्या बोटींच्या शर्यती व्हायच्या होत्या. तिथल्या एका खाटकाने दुकानाबाहेर ऑलिंपिकच्या पाच रिंगा लावल्या, सॉसेजच्या! त्यालाही काढायला लावल्या. आता सॉसेज बघून कोणाला वाटणार होतं की हा माणूस अधिकृत स्पॉन्सर आहे?

स्टेडियमच्या आवारात तर अजून मजा, तिथे नुसते चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राईज) विकायचा हक्क फक्त मॅकडोनाल्ड्सला. बाकीच्यांनी विकायचे तर सोबत मासा पाहिजे, कारण फिश अँड चिप्सवर बंदी घालायची हिंमत ब्रिटनमध्ये कोण करणार.

बरं, स्पॉन्सरचं दुखणं मला कळतं हां. १९९६ चा क्रिकेट वर्ल्ड कप आठवतो ना, अधिकृत कोला होती कोका-कोला, पैसे त्यांनी मोजले आणि पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सगळा भाव खाल्ला. असं एकदा झालं की पुढचा स्पॉन्सर चेक फाडायच्या आधी विचारणारच, माझं संरक्षण काय? पण हा खेळ पेप्सीसारख्यांचा, आणि त्यांना रोखायला टाकलेल्या जाळ्यात सापडतो खाटीक.

मोठ्यांना तर पकडलं तरी फायदाच. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला जोहान्सबर्गमध्ये ३६ बायकांना सारखे केशरी ड्रेस घातले म्हणून मॅचमधून बाहेर काढलं, कारण ती बव्हेरिया या डच बीअरची छुपी जाहिरात होती. ड्रेसवर धड नाव दिसेल असंही काही नव्हतं! पण बाहेर काढल्याची बातमी जगभर झाली आणि ज्यांनी बव्हेरिया बीअर कधी ऐकली नव्हती त्यांनाही ती कळली, फुकटात.

मला सगळ्यात आवडले ते ऑडबिन्सवाले, वाइनची दुकानं त्यांची. त्यांनी लंडन ऑलिंपिकच्या वेळी काचेवर लिहिलं की आम्ही स्पर्धेचं नाव घेऊ शकत नाही, शहराचं नाही, वर्षाचंही नाही. वर ऑफर काय, तर नायकेचे बूट घालून या, खिशात आयफोन, व्हॉक्सहॉल गाडीची किल्ली आणि केएफसीत घेतलेल्या पेप्सीची पावती घेऊन या, ३० टक्के सूट. स्पॉन्सरच्या दुश्मनांची आठवण ठेवून केलेली यादी होती ती, आणि बंदीच्या शब्दांपैकी एकही शब्द त्यात नाही.