शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतील घरे का पडून राहतात?

बेळगावात घरातील गुंतवणुकीचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा हात आपोआप गावाबाहेरच्या दिशेने वळतो. कणबर्गी, मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, सांबरा रोड अशी नावे घेतली जातात आणि कुठे गुंठ्याला काय दर चालला आहे याची उजळणी होते. शहापूर, वडगाव, खासबाग, जुने बेळगाव किंवा अनगोळचे गावठाण यांचे नाव त्यात क्वचितच येते. या वस्त्या बाजारपेठेपासून, रेल्वे स्टेशनापासून आणि उद्यमबागेतील कारखान्यांपासून जवळ आहेत. येथे नळ आहे, वीज आहे, शाळा आहेत. तरीही एका गल्लीत तीन-चार दारांना कायमची कुलुपे, दोन घरांच्या पाखाडीवर ताडपत्री आणि एखाद्या पडलेल्या घराच्या जागेवर एरंड उगवलेला असे चित्र दिसते.

माझी नोकरी एका सहकारी सोसायटीच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे या घरांकडे मी पुष्कळदा दारातून पाहण्याआधी कागदातून पाहिले आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की या भागांत पैसा नाही म्हणून घरे पडत नाहीत. कुटुंबातील एखादा मुलगा पुण्यात किंवा गोव्यात बऱ्यापैकी कमावत असतो, घरात थोडे सोने असते, भिशी चालू असते. अडचण अशी की हा पैसा घरात घालायचा म्हटला तर कायद्याने मान्य होईल असा मार्गच सापडत नाही, आणि म्हणून तो गावाबाहेरच्या प्लॉटमध्ये जातो.

उताऱ्यापासून सुरुवात करू. वडगावातील एक नमुनेदार फाईल घ्या. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव असते. त्याखाली वारसा नोंद म्हणून तीन मुलगे असतात, त्यांतील दोघे वारलेले, आणि मुलींचा उल्लेख कुठेच नसतो. प्रत्यक्षात घर केव्हाच वाटले गेलेले आहे. सोपा म्हणजे पुढची पडवी आणि त्यावरचा माळा थोरल्याकडे, माजघर मधल्याकडे, परड्याकडची खोली आणि न्हाणी धाकट्याकडे, आणि आड सगळ्यांचा. ही वाटणी चार वडीलधाऱ्यांसमोर तोंडी झाली आणि दोन पिढ्या निर्वेध चालली. राहण्यापुरती ती पुरेशी होती, परंतु तारण देण्यासाठी तिचा काहीही उपयोग नाही.

मुलींच्या हक्काची बाब तर लोक अजूनही नीट समजून घेत नाहीत. कर्नाटकाने १९९४ सालीच दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला होता, मात्र तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम आहे. त्याच निकालात तोंडी वाटणीची सबब सहसा स्वीकारता येणार नाही, तिला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार हवा, असेही म्हटले आहे. म्हणजे आमच्या गल्ल्यांत ज्या व्यवहारावर तीन-तीन चुली पेटल्या, तोच व्यवहार आज कर्जाच्या टेबलावर टिकत नाही. बहिणींच्या सह्या हव्यात, आणि काही बहिणी कोल्हापूर, सांगली, मुंबईकडे दिलेल्या असतात. माहेर तुटेल या धाकाने त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची आपल्याकडची रीत मला कधीच पटलेली नाही. तिचा हिस्सा द्यायचा तर रोख हवी, आणि अविभक्त हिस्सा विकत घेण्यासाठी बँका कर्ज देण्यास फारशा तयार नसतात. पेच खरा तिथे आहे.

शहापूरची गोष्ट आणखी एका पदराने गुंतागुंतीची आहे. हा भाग १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद संस्थानी दप्तरातले, पुष्कळदा मोडीतले असतात. मग १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि पुढच्या नोंदी कन्नडमध्ये होत गेल्या. सीमाप्रश्नाचे राजकारण बाजूला ठेवले तरी इतके उरतेच की ज्या घरमालकाला स्वतःच्या उताऱ्यावरील शेरा वाचता येत नाही, त्याला एजंटाशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि एजंटाचा खर्च घर दुरुस्तीच्या खर्चाआधी उभा राहतो.

समजा, कागद सरळ झाले. पुढे बांधकाम परवान्याचा प्रश्न येतो. येथील घर पुढून सोळा-अठरा फूट रुंद आणि मागे साठ-सत्तर फूट लांब असते. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि कौले मंगळुरी असतात, तर शेजारच्या घराशी असलेली भिंत दोघांची सामाईक असते. सोळा फुटांच्या जागेत दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडायचा म्हटला तर बांधायला साडेनऊ फूटसुद्धा उरत नाहीत. बाजूला जागा सोडण्याची कल्पना मुळात ले-आऊटमधील सुटे प्लॉट डोळ्यांपुढे ठेवून आलेली आहे. ज्या गल्लीत घरे एकमेकांना टेकूनच उभी आहेत, तिथे ती लावली की परवाना मिळत नाही, परवाना नाही म्हणून मंजूर नकाशा नाही आणि नकाशा नाही म्हणून गृहकर्ज नाही. मग लोक दुरुस्तीच्या नावाखाली आतून आरसीसी खांब उभे करतात. त्यासाठी सोनेतारण काढतात किंवा जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेतात. अशा रीतीने झालेले तीन मजली घर पक्के असले तरी कर्जाच्या कागदावर त्याची किंमत जवळजवळ शून्यच लावली जाते.

याच्या उलट गावाबाहेर काय चालते तेही पाहण्यासारखे आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून शंभराच्या बॉण्डवर विकलेले प्लॉट, त्यावर बांधलेली घरे आणि पुढेमागे सक्रम म्हणजे नियमित होईल ही आशा, असा सगळा व्यवहार वर्षानुवर्षे सुखेनैव चालला. अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याच्या अक्रम-सक्रम योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली, तरी तो थांबला नाही. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शहरांतील अनधिकृत मिळकतींना बी-खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरी वेगळी नोंद, देण्याची मोहीम काढली. मिळकत कराच्या कक्षेत आणण्यासाठी ते कदाचित आवश्यकही असेल. परंतु शेतात बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटला खाता मिळतो आणि शंभर वर्षे कर भरणाऱ्या गल्लीतील घराला वारसा नोंदीसाठी खेटे घालावे लागतात, हे पाहून माणसाने पैसा कुठे घालावा असे आपण अपेक्षितो?

सरकारी मदतीचेही तसेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. तीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबाला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवे आणि घर ४५ चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचे हवे. हा आकार म्हणजे साधारण ४८४ चौरस फूट, आणि आमच्या गल्लीतील एका हिश्शावर तळमजला व वरचा मजला मिळून एवढे घर सहज बसते. म्हणजे योजना जणू या घरांसाठीच आखलेली आहे. फक्त तिची पहिली अट जागा अर्जदाराच्या मालकीची असावी ही आहे, आणि उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत.

मुंबईचा दाखला देऊन मोठ्या पुनर्विकासाची कल्पना अधूनमधून मांडली जाते. अनेक घरे एकत्र करायची, बिल्डरने रहिवाशांना मोफत फ्लॅट द्यायचे आणि उरलेले विकून पैसे काढायचे. मुंबईत हे जमते, कारण तिथे विक्रीचा दर बांधकाम खर्चाच्या कितीतरी पट असतो. एक चौरस फूट फुकट द्यायचा तर त्याच्या जोडीचा दुसरा चौरस फूट बांधकाम खर्चाच्या दुपटीहून अधिक दराने विकला गेला पाहिजे, तेव्हा कुठे बिल्डरचा खर्च निघतो, नफा त्यानंतर. जिथे रिक्षा वळत नाही अशा खासबागच्या बोळात हा दर कोण देईल? मला तरी हे गणित येत्या काळात सुटेल असे वाटत नाही, आणि अशा योजनेच्या आशेवर चालू दुरुस्ती थांबवणाऱ्या कुटुंबांची मला काळजी वाटते. खडेबाजार आणि गणपत गल्लीकडे पैसा येतो, पण तो दुकानांसाठी आणि गोदामांसाठी येतो. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड त्यात उठते, वस्ती वाढत नाही.

स्मार्ट सिटीचा उल्लेख टाळता येणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होते. प्रत्येक शहराला केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच राज्याचा वाटा अशी रचना होती, आणि ही योजना मार्च २०२५ मध्ये संपली. रस्ते झाले, फुटपाथ झाले, दिवे लागले. सार्वजनिक जागेवर खर्च झाला की मागोमाग खासगी गुंतवणूक येते असा त्यामागचा तर्क होता, आणि काही रस्त्यांवर तो खराही ठरला असेल. मात्र जुन्या गल्ल्यांत रस्त्याचा थर वाढला, गटार त्याच्या पातळीने उचलले गेले आणि घराचा उंबरठा खाली राहिला. आषाढातल्या एका जोराच्या सरीनंतर एका घरी गेलो होतो. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून सोप्यात यावे लागत होते. पूर्वी त्याच दोन पायऱ्या चढून आत जायचे. भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल होती, आणि तिथली पांढरी माती बोटाने दाबली की निघत होती.

मातीच्या भिंतीला पावसापेक्षा पायथ्याशी साचलेले पाणी अधिक मारक असते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूच्या भागाने हे अनुभवले. त्यावेळी पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्याने पाच लाख रुपये जाहीर केले. मदत मोठी होती, पण पडल्यानंतरची होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तालुक्यातील बडाल अंकलगीत घराची भिंत कोसळून सात माणसे दगावली. भिंत उभी असताना पायथा बांधून घेण्यासाठी पन्नास हजार सहज मिळण्याची सोय असती, तर नंतरच्या पाच लाखांची कितीतरी घरांना गरज पडली नसती, असे कर्जाच्या फाईली हाताळलेला माणूस म्हणून मला खात्रीने वाटते.

खासबाग-वडगावच्या विणकरांची घरे हा वेगळाच प्रकार आहे. तळमजल्यावर दोन-तीन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि माळ्यावर झोपणे. बँकेला प्रश्न पडतो की हे घर म्हणायचे की कारखाना. घर म्हटले तर मागाची जागा नकाशात दाखवता येत नाही, आणि कारखाना म्हटले तर गृहकर्जाचा व्याजदर मिळत नाही. धंदा मंदावल्यावर माग भंगारात गेले की मालक ती जागा भाड्याने देऊ शकतो, कारण शहरात कामगारांना आणि विद्यार्थ्यांना स्वस्त खोल्या हव्याच आहेत. त्यासाठी स्वतंत्र संडास आणि स्वतंत्र जिना लागतो, म्हणजे पुन्हा परवाना आलाच.

मोठ्या योजनांपेक्षा मला आशा वाटते ती लगतच्या दोन-तीन घरांनी एकत्र येण्याची. मधली भिंत सामाईक असल्याने एकट्याला काहीच करता येत नाही, पण दोन जागा जोडल्या की बत्तीस-छत्तीस फूट रुंदी मिळते, बाजूच्या जागेचा प्रश्न बराच हलका होतो आणि जिना एकच लागतो. महापालिकेने गल्लीवार शिबिरे घेऊन वारसा नोंदी मार्गी लावल्या आणि अशा जोडघरांना सुटसुटीत नियम लावला, तर सोसायट्या कर्ज देतील. त्यांना ठेवी गुंतवायला चांगले तारण हवेच आहे.

वडगावात दोन चुलत भावांचे असे एक काम सध्या चालू आहे. घरातील तिन्ही बहिणींना वाटणीपत्रात घेतले. एकीला रोख हवी होती, ती दोघा भावांनी सोनेतारण काढून दिली. उरलेल्या दोघींनी वरच्या मजल्यावरील एका खोलीच्या भाड्यात हिस्सा मागितला आणि तो रजिस्टर करून घेतला. वाटणीपत्राचा मसुदा दाखवायला दोघे माझ्याकडे आले होते, तेव्हा इंजिनिअरने काढलेला नकाशाही बरोबर होता. तळमजल्यावर दोन माग, मागे दोन स्वयंपाकघरे आणि मधोमध जिना. जोत्याची उंची रस्त्यापासून साडेतीन फूट दाखवलेली पाहून मी कारण विचारले. थोरला म्हणाला, ‘आणखी दोनदा तरी रस्ता चढणार काका, आत्ताच धरून चाललेलं बरं.’