चिंचोक्यांचा हिशोब: सातव्या सेशनअखेर

मागच्या नोंदीनंतर आमच्या रोलप्लेइंग गेमचे (प्रत्येक भिडू एका पात्राची भूमिका घेतो, गोष्ट मी चालवतो) तीन सेशन झाले. पाचव्यात फारसं काही घडलं नाही: दोघे उशिरा आले, एकाने मिसळ आणली, गलबत किनाऱ्यालाच राहिलं. सहावा मात्र सविस्तर सांगायलाच हवा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं एक गलबत, त्यावरचे चौघे, नियम फेट कोर या रोलप्लेइंग गेमचे (२०१३). खास फासे मागवले नाहीत. साधे चार घेतो. १-२ म्हणजे उणे एक, ३-४ कोरं, ५-६ अधिक एक, आणि चारही फाशांची बेरीज. फेट पॉइंट म्हणून आईच्या डब्यातले चिंचोके, सुरुवातीला प्रत्येकी तीन.

याआधी आम्ही वर्षभर गर्प्स हा दुसरा रोलप्लेइंग गेम खेळलो. तिथे दोष घेतला की कॅरेक्टर बनवतानाच पॉइंट परत मिळतात, म्हणून चौथ्या आवृत्तीत दोषांची बेरीज सुरुवातीच्या पॉइंटांच्या निम्म्याच्या आत ठेवा असा सल्ला आहे. आमच्या एका हुशार भिडूने समुद्राची भीती घेतली. मोहीम वाळवंटातली! पैसे आगाऊ घेऊन गायब झालेल्या सुताराची आठवण झाली. गर्प्सवर अन्याय नको, रागीटपणा वगैरे दोषांना तिथे तीन फाशांवर स्वतःला आवरण्याचा रोल असतो आणि तो चांगला चावतो. पण जीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने, म्हणजे मी) मागितला तर. मी विसरायचो. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) २०१४ च्या आवृत्तीतल्या इन्स्पिरेशनचंही (पात्राला साजेसं खेळल्याबद्दल जीएमने द्यायचं बक्षीस) माझ्या हातून हेच झालं होतं.

फेटमध्ये दोष नडतो त्या क्षणी मोबदला मिळतो. आता सहावा सेशन.

आमच्या तांडेलाचा एक आस्पेक्ट (पात्राचं एका ओळीतलं वैशिष्ट्य; कामी आणायचं तर चिंचोका खर्चून +२, नडलं तर चिंचोका मिळतो) आहे: ‘पैज लागली की मागे हटत नाही’. मुरूडजवळ सिद्दीची चौकी, आपण मिठाचे व्यापारी असल्याचं सोंग, सगळं सुरळीत चाललेलं. पहारेकरी कंटाळलेला. मी त्याच्या तोंडी घातलं, “त्या खडकापर्यंत पोहून ये, हे चांदीचं कडं तुझं.” आणि एक चिंचोका टेबलावर पुढे सरकवला.

तांडेलाकडे एकच उरला होता. नकार द्यायचा तर तोच मला द्यावा लागणार, म्हणजे हातात शून्य. बाकी तिघं ओरडतायत, “घेऊ नकोस रे!” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मेल्या, तुला आत्ताच आठवायचं होतं?” आणि चिंचोका उचलला.

पोहला. जिंकला. कडं घालून बाहेर आला तर पहारेकरी म्हणतो, “मीठवाला इतकं छान पोहतो?” पुढचे दोन तास पाठलाग. शेवटी दोरावर चढताना तांडेलाने दोन्ही चिंचोके एकदम टाकले, दोन वेगळ्या आस्पेक्टवर, +४. चार फाशांवर +२ किंवा वर ८१ पैकी फक्त १५ वेळा येतं, त्यामुळे हे +४ म्हणजे काय ते समजून घ्या. तो ज्या चिंचोक्यांनी वर चढला, त्यातला एक त्याला खाली पाडणाऱ्या पैजेचाच होता. टेबलावर टाळ्या पडल्या.

सातव्यात माझी चूक लक्षात आली. आमच्या नेमबाजबाईंचा आस्पेक्ट ‘गलबतावरची सर्वात तरबेज नेमबाज’. सहा सेशनमध्ये मी त्यावर तिला एकदाही चिंचोका देऊ शकलो नाही. कसा देणार? त्यात नडण्यासारखं काही नाहीच, नुसतं कौतुक. ती आपले तीन जपून वापरत होती आणि तांडेल सावकारासारखा ढीग लावून बसलेला. तिने चिडून विचारलं, “शहाणपणाने वागण्याची शिक्षा आहे का ही?” प्रश्न रास्त होता. आस्पेक्ट लिहून घेतानाच मी तिला टोकायला हवं होतं.

छोट्या माइलस्टोनला (पात्रात थोडा बदल करायचा टप्पा) एक आस्पेक्ट बदलता येतो, हाय कन्सेप्ट (पात्र मुळात कोण आहे ते सांगणारा मुख्य आस्पेक्ट) सोडून. हा तिचा हाय कन्सेप्ट नव्हता, सुदैवाने. अर्धा तास घासाघीस झाली. तिची पहिली सूचना ‘थोडी रागीट’, ती मी फेटाळली. ‘थोडी’ने काही होत नाही. शेवटी ठरलं: ‘हुकलेला नेम विसरत नाही’.

सहाव्यातल्या पाठलागात तिची एक गोळी हुकली होती. तो पहारेकरी जिवंत आहे, त्याचं कडं गेलंय, आणि आठव्या सेशनमध्ये तो बाजारात तिला पाठमोरा दिसणार आहे. गलबत सुटायला तेव्हा घटकाभर उरलेली असेल. चिंचोका मी आजच खिशात टाकून ठेवलाय.