मादागास्करचा 2022 मधील वादळी हंगाम

बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत असल्याची बातमी सोलापूर जिल्ह्यात बहुधा आशेने ऐकली जाते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि तो पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून सरकत आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळेच पडतो. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेले असेच एक क्षेत्र तेलंगणामार्गे आपल्याकडे आले, तेव्हा मात्र भीमाकाठची पिके पाण्याखाली गेली. त्यामुळे मादागास्करच्या 2021-22 च्या हंगामाविषयी वाचताना त्या बेटाची अडचण मला फारशी परकी वाटली नाही.

महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळाच्या या बेटावर पूर्व किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे. हिंदी महासागरावरून येणारे वारे तिच्या पूर्व अंगावर रिते होतात आणि नैऋत्य भाग कोरडा राहतो. सह्याद्रीने सोलापूरचे केले तेच. दक्षिणेत तेव्हा चाळीस वर्षांतील सर्वांत भीषण दुष्काळ होता आणि लोक निवडुंग व टोळ खाऊन दिवस काढत होते. अशा देशावर वादळांची रांग लागली.

हा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो, परंतु त्या वर्षी पहिले नाव मिळालेले ‘आना’ जानेवारीत आले. त्याचे वारे फार जोराचे नव्हते. मात्र राजधानी अंतानानारिव्हो आधीच्या पावसाने भिजलेली होती आणि तिथल्या सखल, एकेकाळच्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. 5 फेब्रुवारीच्या रात्री ‘बत्सिराई’ मनान्झारीजवळ ताशी सुमारे 165 किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आदळले. 120 हून अधिक माणसे गेली, तीही बहुतांशी किनाऱ्यापासून आत असलेल्या इकोंगो भागात, घरे कोसळून. दहा दिवसांनी ईशान्येला ‘दुमाको’ आले आणि 22 फेब्रुवारीच्या रात्री, बत्सिराईने उडवलेली छपरे पुरती शाकारून होण्याआधीच, ‘एम्नाती’ त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, मनाकाराजवळ धडकले. काढणीला आलेले भात गेले. भात पुढल्या हंगामात पुन्हा लावता येते. लवंगेचे उन्मळलेले झाड फळाला यायला मात्र कित्येक वर्षे लागतात.

शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासले, तेव्हा आना आणि बत्सिराई यांच्या पावसात तापमानवाढीने भर घातल्याचे आढळले. दक्षिणेतील दुष्काळात मात्र तिचा वाटा याच गटाला अल्पच दिसला होता. प्रत्येक आपत्ती हवामानबदलाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हंगाम संपत आला असता, एप्रिलच्या अखेरीस ‘जास्मीन’ नैऋत्येला, त्याच कोरड्या भागातील तुलियारा शहराजवळ पोहोचले. मनान्झारीला तर जेमतेम वर्षभराचीच उसंत मिळाली. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘फ्रेडी’ तिथेच किनाऱ्याला लागले.