पत्ता नंतर बघा, आधी ईएसआर वाचा

आर्म६४ वर, म्हणजे ६४-बिट आर्म प्रोसेसरवर, लिनक्स कर्नल कोसळला की लॉगची पहिली ओळ बहुतेक वेळा ठरलेली: अमुक व्हर्च्युअल पत्त्यावरची पेजिंग रिक्वेस्ट हाताळता आली नाही. ती वाचून लोक थेट पेज टेबल, म्हणजे व्हर्च्युअल पत्ता खऱ्या पत्त्याशी जोडणारा तक्ता, उकरायला बसतात. मला याचं वाईट वाटतं, कारण खरं निदान खालीच ईएसआरच्या (दोषाचं कारण नोंदवणारा प्रोसेसरचा रजिस्टर) आकड्यात छापलेलं असतं.

आमच्या बोर्डावर एफपीजीए आहे, म्हणजे आतलं सर्किट नंतर ठरवता येणारी चिप. बूट होताना ड्रायव्हर त्याच्या मेमरीत फर्मवेअर भरतो. ड्रायव्हर तोच, कर्नल तोच, फक्त फर्मवेअरची नवी फाइल आली आणि बोर्ड बूटमध्येच पडायला लागला. टीममधला मुलगा म्हणाला, "ताई, फाइल मोठी झालीये, आयओरीमॅपचा आकार कमी पडत असणार." आयओरीमॅप म्हणजे डिव्हाइसची मेमरी कर्नलच्या पत्त्यांना जोडून देणारं फंक्शन, त्यामुळे शंका रास्त होती. पण ईएसआर होता ९६००००६१.

हा आकडा हेक्समधला. तळाचे सहा बिट दोषाचा प्रकार सांगतात, त्यांच्या लगेच वरचा बिट सांगतो की दोष वाचताना झाला की लिहिताना. शेवटचे ६१ म्हणजे लिहिण्याचे ४० अधिक २१, आणि २१ म्हणजे अलाइनमेंटचा दोष: पत्ता हव्या त्या पटीत नाही. मॅपिंग संपलं असतं तर ४७ दिसलं असतं: तेच ४० अधिक ७, म्हणजे पेज टेबलाच्या तिसऱ्या पातळीवर नोंदच नाही. इथे मॅपिंग शाबूत होतं.

आयओरीमॅपने मिळणारी मेमरी 'डिव्हाइस' प्रकारची असते. साध्या रॅमवर वेडावाकडा अलाइन झालेला पत्ता खपून जातो, इथे खपत नाही. आणि ड्रायव्हर चक्क साधा मेमकॉपी, म्हणजे रॅममध्ये बाइट कॉपी करायचं नेहमीचं फंक्शन, वापरत होता! आर्म६४ वरचा मेमकॉपी वेगासाठी शेवटचा तुकडा शेवटाकडून मागे मोजून लिहितो, आधी लिहिलेल्या काही बाइटांवर पुन्हा लिहावं लागलं तरी. लांबी आठच्या पटीत असेल तर सगळं सुरळीत, नाहीतर तो शेवटचा तुकडा वेड्यावाकड्या पत्त्यावर पडतो. जुन्या फाइलची होती, नवीची नव्हती.

त्याजागी डिव्हाइस मेमरीसाठीचा मेमकॉपी_टूआयओ घातला, प्रश्न सुटला. तो कडेचे बाइट एकेक करून लिहितो आणि मधले आठ-आठच्या नीट अलाइन गटांत. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्यांनी ड्रायव्हर दिला त्यांनी पॉइंटरवरची आयओमेम ही खूण, म्हणजे 'ही डिव्हाइसची मेमरी आहे' असा इशारा, कास्ट करून (प्रकार बदलून) पुसली होती. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं स्पार्स हे कोड तपासणारं साधन नेमकं हेच पकडतं. बिल्ड करताना 'मेक सी=१' एवढं लिहिलं की पुरे.

९६०००२१० दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. हा एक्स्टर्नल अबॉर्ट: पत्त्याचं भाषांतर झालं, पण बसच्या पलीकडून नकार आला. मी आधी त्या पत्त्यावरच्या डिव्हाइसचं क्लॉक चालू आहे का आणि तो रीसेटमधून बाहेर आलाय का ते बघते. काही चिप अशा वेळी नकारही देत नाहीत, नुसत्या गोठतात.

सगळ्यांत छळतो तो एसएरर, म्हणजे उशिरा कळवला जाणारा दोष. आयओरीमॅपच्या मेमरीवर लिहिणं पोस्टात पत्र टाकण्यासारखं असतं. प्रोसेसर पुढे निघून जातो आणि तक्रार नंतर येते. तोवर प्रोग्राम काउंटर (प्रोसेसर कोणत्या सूचनेवर आहे ते दाखवणारा रजिस्टर) भलत्याच, निर्दोष फंक्शनवर पोचलेला असतो. म्हणून संशयित राइटएलनंतर (डिव्हाइसवर लिहिणारं फंक्शन) त्याच डिव्हाइसचा एखादा रजिस्टर रीडएलने, म्हणजे त्याच्या वाचणाऱ्या जोडीदाराने, वाचायचा, अर्थात वाचल्याने ज्याची स्थिती बदलत नाही असा. वाचन पूर्ण व्हायला आधीचं लिहिणं पोचावंच लागतं, त्यामुळे अबॉर्ट त्याच ओळीच्या आसपास येतो. ही जादा वाचनं वेग खातात, पण दोष सापडेपर्यंत मी ती बिनदिक्कत ठेवते.