माशाला साखर? हो. तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच असतो, फक्त सूर बदलतो. मालवणची मुलगी तू, सिएटलला जाऊन सॅमनला मेपल सिरप लावतेस? कालवण का नाही करत? दर वेळी हसून टाळते, आज एकदाच सांगते.

कालवण केलंय. इथे आल्यावर पहिली काही वर्षं दुसरं काही केलंच नाही. खोबऱ्याचं वाटप, सोलं, तिरफळं, सगळं. पण सॅमन म्हणजे सुरमई नव्हे हो. फार्मचा अटलांटिक सॅमन इतका तेलकट की वर केशरी तवंग येतो, आणि नारळाचं तेल अधिक माशाचं तेल म्हणजे दोन घास खाल्ले की पुरे वाटतं. तरी तेव्हाची मी ठासून सांगायची की ज्याला वाटप चालत नाही तो मासाच नव्हे. बाई, मग खात कशाला होतीस?

आणि गोड म्हणजे श्रीखंड नाही करत मी. सोया सॉस, आलं, लसूण, मिरचीचे फ्लेक्स, लिंबू आणि त्यात चमचा-दीड चमचा मेपल सिरप, नसेल तर गूळ. तुकड्यांना अर्धा तास आधी मीठ लावून ठेवायचं, म्हणजे शिजताना ते पांढरं पांढरं कमी बाहेर येतं (ते प्रोटीन असतं, मासा खराब नसतो, हेही लोक विचारतात). ओव्हन २०० डिग्री सेल्सिअस, आणि ग्लेझ, म्हणजे हे चकचकीत मिश्रण, शेवटच्या चार-पाच मिनिटांतच, कारण साखर आधी लावली की मासा शिजायच्या आत ती जळते. मध तर अजून लवकर करपतो. इथे १९७६ मध्ये तोशी कासाहारा यांनी तेरियाकीचं दुकान काढलं आणि त्यानंतर शहरभर तशी दुकानं झाली, त्यामुळे गोडसर सोयाचं इथे कुणाला नवल नाही. आणि नवल तुम्हाला तरी का वाटावं, मुंबईतले पारशी कोलंबीच्या पातियोत गूळ-व्हिनेगर घालतात ते बोटं चाटत खाताच की.

आता आईचं. ती उन्हाळ्यात आली होती, मेमध्ये, अलास्कातल्या कॉपर रिव्हरचा सॅमन बाजारात येतो तेव्हा. तो महाग असतो, तरी तिच्यासाठी म्हणून आणला. चिमट्याने एकेक काटा काढला, ग्लेझ घोटून असं चकचकीत केलं की मलाच बघत बसावंसं वाटलं. तिने फोर्कने टोक मोडलं, तोंडात घातलं, म्हणाली, "माशाक कोण साखर लावता गो?" आणि उठली. मला वाटलं पाणी घ्यायला. तिने ताटलीतला तुकडा सिंकमध्ये नळाखाली धरला आणि अंगठ्याने ग्लेझ घासून काढलं, बाजारातून आणलेला मासा धुतात तसं. मग हळद, तिखट, मीठ, रवा, तवा. माझा नवरा मोबाइलमध्ये बघत बसला. मी काही बोलले नाही, बोलले असते तर मेपल सिरपवर बोलले नसते, इतक्या वर्षांचं सगळं निघालं असतं.

रवा धड चिकटला नाही. मासा आधीच शिजलेला, तो तव्यावर मोडला, आणि घासूनही जी साखर राहिली होती ती काळी पडली. आईने तो चुरा भाताबरोबर शेवटपर्यंत खाल्ला, मी माझा तुकडा खाल्ला. तिचं तोंड गोड झालं नाही म्हणून मी रागावले की मी तिची मुलगी राहिले नाही असं तिला वाटलं म्हणून, ते मला अजून नीट कळत नाही. तिला मासा वाया घालवायचा नव्हता हेही खरंच. पण नळाखाली? मला राग येतो अजून, लिहितानाही आला.

तर उत्तर असं की सॅमनचं तेल खारट-गोडाने कापलं जातं, म्हणून साखर. हे मी सगळ्यांना सांगते आणि ते बरोबरही आहे. फक्त मग कुणीतरी हुशार विचारतं की बांगडाही तेलकटच, त्याला का नाही लावत? जपानी लोक बांगड्याच्या जातभाईला मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि साखरेत शिजवतात, ते मी आवडीने खाल्लंय. पण फ्रोझन बांगडा घरी आणला की मी तिरफळंच काढते. आणि तिथे माझ्याकडे तेलाबिलाचं काहीही कारण नाही, तेव्हा ते विचारू नका.