विचार थांबवायचे कसे?

मी नागपुरात समुपदेशन करते. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, "मॅडम, डोक्यात एकच एक फिरून राहिलं जी, थांबवू कसं?"

तुम्हीही हेच विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते, थांबवायला जाऊच नका. १९८७ साली डॅनिअल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना बजावलं, ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे मोकळीक दिल्यावर तर अस्वलाने आणखीच ठाण मांडलं. म्हणून 'सकारात्मक विचार करा' छाप फॉरवर्ड मला अजिबात सोसत नाहीत.

इथल्या महाल भागातल्या एका काकूंचा मुलगा पुण्याला. फोन उचलला नाही की यांच्या मनात अपघातापासून सगळं येऊन जायचं. त्यांना मी संध्याकाळी ६ ते साडेसहा अशी चिंतेची वेळ ठरवून दिली. वही घ्यायची, भीती वाटते ते लिहायचं, समोर आपल्या हातात काय आहे ते लिहायचं. रात्री विचार आला तर त्याला सांगायचं, उद्या सहाला ये. (युक्ती माझी नाही. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी ती १९८३ साली मांडली.) आठवड्याने काकू तक्रार घेऊन हजर, "वही उघडली की काही सुचतच नाही बापा!"

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. पारा ४५ च्या वर, त्यात रात्री लाइट जाऊन कूलर बंद पडला की झोपेचं खोबरं. अशा रात्री नवऱ्याबद्दल, नोकरीबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नये. तो सकाळी अंघोळ करून, चहा पिऊन मग घ्यावा.

वहीने सगळंच भागत नाही. दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल, तर डॉक्टर गाठा. जगावंसं वाटत नसेल, तर तेवढंही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. ऑटोवाले त्या चौकाला अजून पागलखाना चौक म्हणतात, म्हणू द्या. तिथे ओपीडी आहे. बीपीच्या पेशंटसारखा केसपेपर काढायचा आणि लायनीत बसायचं. सोबत कोणी हवं असेल तर बहिणीला घेऊन जा, शेजारणीला नेलंत तरी चालेल.