ब्लॉक की चार्ज? रेफ्रीच्या परीक्षेत मी कुठे आपटलो

कॉलेजपासून बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, म्हणून खेळलोय, त्यामुळे रेफ्रीची परीक्षा म्हणजे आपल्याला काय अवघड, असा माज होता. पहिल्याच वेळी नापास. आणि तेही ब्लॉक-चार्जवर, म्हणजे धडक झाली की चूक बॉल घेऊन घुसणाऱ्याची (चार्ज) की वाट अडवणाऱ्या डिफेंडरची (ब्लॉक), यावर.

लेखी पेपरात विचारलं होतं, बॉल घेऊन घुसणाऱ्याच्या समोर डिफेंडरने कधीपर्यंत येऊन थांबलेलं चालतं. मी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली लीग, बघून बघून शहाणा झालेला, बिनधास्त लिहून आलो की शॉटसाठी वरची हालचाल सुरू व्हायच्या आत. आपल्याकडे चालतात फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे नियम, त्यात हिशोब पाय जमिनीवरून सुटण्याचा आहे, समोरच्याने उडी घेतली की नंतर त्याच्या वाटेत शिरायचं नाही. मार्क गेले ते गेले, पण प्रॅक्टिकलला तर पार लाज निघाली. मुलींची मॅच होती, एकीने ड्राइव्ह मारला, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे मुसंडी मारली, समोरची धाडकन पडली, मी जोरात शिट्टी मारून मूठ तळहातावर आपटली, चार्ज! नंतर परीक्षक सरांनी एवढंच विचारलं, "ती आदळली तेव्हा डिफेंडरचे पाय कुठे होते?" मला सांगताच येईना, कारण मी बॉल बघत होतो. पडलेली दिसली म्हणून चार्ज.

मग रेफ्रींच्या एका क्लिनिकला, म्हणजे शिबिराला गेलो. जुनं सिमेंटचं कोर्ट, 2010 च्या आधीचा तो खाली फाकलेला 'डी', म्हणजे बास्केटसमोरचा आखलेला भाग, अजून रंगाखालून दिसतोय आणि बास्केटखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ काढलेलंच नाही. तिथल्या सरांनी खिशातून सुतळी काढली, सव्वा मीटरला गाठ मारलेली, रिंगच्या मध्याखाली मला टोक धरून बसवलं आणि खडूने अर्धवर्तुळ ओढलं. म्हणाले, हवेतून शॉट किंवा पास करत येणारा खेळाडू या आतल्या डिफेंडरला धडकला तर चार्ज विसर. (जिल्ह्यातल्या निम्म्या कोर्टांवर ही रेघच दिसत नाही, मग रेफ्रीने काय अंदाजाने द्यायचं?)

तिथे माझा मोठा गैरसमज गेला. मला वाटायचं डिफेंडर पुतळ्यासारखा उभा असेल तरच चार्ज. तसं नाही. एकदा समोर तोंड करून दोन्ही पाय टेकवले की त्याने जागा मिळवली, मग बाजूला सरका, मागे जा, जागच्या जागी सरळ वर उडी मारा, धडक छातीवर बसली तर चूक बॉलवाल्याची. आणि बॉल हातात असलेल्याला सवलत नाही, कोणीतरी आडवं येणार हे त्याने धरूनच चालायचं. बॉल नसलेल्याला मात्र थांबायला, वळायला एक-दोन पावलांची जागा सोडावी लागते. सर सारखे ओरडायचे, "बॉल पळून जात नाही रे, तू डिफेंडर बघ!" ऐकायला सोपं, पण वर्षानुवर्षं बॉलमागे पळालेले डोळे ऐकतात होय? मी घरी जुन्या मॅचेस लावून बॉल हाताने झाकून बघायचो, बायको म्हणाली हे काय नवीन खूळ.

दुसऱ्या वेळी मुलांची मॅच, मी लीड, म्हणजे बास्केटमागच्या बेसलाइनवर उभा राहणारा रेफ्री. उजवीकडून ड्राइव्ह आला, मदतीला आलेल्या डिफेंडरचे लाल बूट मला स्वच्छ दिसले, उजवा टेकलेला, डावा अजून हवेत, आणि तेवढ्यात अटॅकर उडाला. धडक, दोघे खाली. मूठ वर, मग दोन्ही हात कमरेवर, ब्लॉक, दोन फ्री थ्रो. कोच बेंचवरून, "सर, तो उभा होता ना!" उभा होता हो, पण उशिरा.

पास झालो. मॅचनंतर कोच मोबाइल घेऊनच आला, म्हणे हा बघा व्हिडिओ. मीही उत्सुकतेने वाकून बघितलं. नेमक्या त्या क्षणी ट्रेल, म्हणजे खेळाच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या रेफ्रीची पाठ आडवी आलेली.